तूर्त तहकूब

गेल्या रविवारी सकाळी पावणेसात वाजता, म्हणजे ज्या वेळी सभ्य माणसे केवळ दुधाच्या पिशव्या आत घेण्यापुरतेच दार उघडतात त्या वेळी, आमच्या दारावरची घंटा वाजली, आणि पायांतल्या वहाणा काढण्याच्याही आधी शिरस्तेदारांनी मला विचारले, "प्रोफेसर, तुमच्या घरातल्या शांततेची पातळी किती?" हा प्रश्न ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून जो सुस्कारा सोडला तो, शिरस्तेदारांच्याच परिभाषेत सांगायचे तर, सहज पन्नास डेसिबल भरला असता.

हे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे आहेतच. नाव तेवढे वेगळे असेल. एखादी वस्तू घ्यावयाची आहे असे जे वर्षानुवर्षे सांगत असतात, त्या वस्तूविषयी विकणाऱ्यापेक्षा अधिक आणि बनविणाऱ्यापेक्षा किंचितच कमी जाणतात, आणि ती वस्तू सोडून बाकी सर्व काही ज्यांच्या घरी असते, असा एक तरी पुरुष प्रत्येक गृहसंस्थेत नेमून दिलेला असतो. कुणाचे प्रकरण दुचाकीचे असते, कुणाचे पाण्याच्या फिल्टरचे. आमच्या शिरस्तेदारांचे प्रकरण ऑडिओ इंटरफेसचे आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतले दुकानदार ज्याला नुसते 'साउंड कार्ड' म्हणतात आणि जी वस्तू आकाराने फार तर चष्म्याच्या दोन घरांएवढी भरते, ती ही डबी. माइकातून येणारा दुबळा विद्युत्प्रवाह सशक्त करून त्याचे आकड्यांत रूपांतर करावयाचे व ते आकडे संगणकाच्या स्वाधीन करावयाचे, आणि परत येणाऱ्या आकड्यांचा पुन्हा ध्वनी करून तो गाणाऱ्याच्या कानांत सोडावयाचा, एवढेच तिचे काम. चार-पाच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत तिची किंमत आहे. शिरस्तेदारांच्या निवृत्तिवेतनाला हा आकडा मुळीच जड नाही. तरीही ती अद्याप त्यांच्या घरी आलेली नाही, आणि याला वनवासाइतकी वर्षे लोटली आहेत.

दिवाणी न्यायालयात कारकुनीपासून शिरस्तेदारीपर्यंतची चौतीस वर्षे काढून ते सेवानिवृत्त झाले तेव्हा सरकारी मालमत्तेपैकी एकच वस्तू त्यांनी बरोबर आणली, ती म्हणजे 'तहकूब' हा शब्द. वस्तुतः तहकुबीचा अधिकार न्यायाधीशांचा. यांनी रोजनाम्यात तशी नोंद तेवढी करावयाची. परंतु चौतीस वर्षे रोज दहा-वीस वेळा जो मनुष्य एकच शब्द सुवाच्य अक्षरात लिहितो, त्याच्या हाताला तो शब्द केवळ लिहिण्याचा नव्हे तर योजण्याचाही मोह पडणे स्वाभाविक आहे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी एक जाड तपकिरी पुठ्ठ्याची मिसल सिद्ध केली, तिला लाल फीत बांधली, आणि तीत निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे गुणदोष उभ्या-आडव्या रकान्यांत दाखल करण्यास प्रारंभ केला. प्रत्येक तक्त्याच्या शेवटी तांबड्या शाईने शेरा असतो, आणि तो शेरा आजतागायत बदललेला नाही: 'तूर्त तहकूब'.

आता यात त्यांचा सर्वस्वी दोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. फोकसराइट कंपनीची 'स्कारलेट टू-आय-टू' नावाची लाल डबी २०११ साली निघाली; हिच्याविषयी सर्व जबान्या घेऊन, उलटतपासणी पुरी करून, शिरस्तेदार निकालाप्रत येत होते तोच २०१६ साली तिची दुसरी पिढी निघाली. दुसऱ्या पिढीचे वारस मिसलीवर चढवून घेईपर्यंत २०१९ साली तिसरी पिढी अवतरली, आणि तिसरीची कैफियत वाचून संपते न संपते तो २०२३ साली चौथी. "जमिनीच्या वाटपाचे दावे चार पिढ्या चाललेले मी पाहिले आहेत," ते मला एकदा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच अधिक होते, "पण एवढ्या वेगाने पिढ्या बदलणारा प्रतिवादी हा पहिलाच."

मी कधी काळी उत्साहाच्या भरात त्यांना अन्य नावे सुचविली होती. मोटू कंपनीच्या 'एम-टू'वर आवाजाची पातळी दाखविणारा रंगीत पडदा आहे, तो मी त्यांना दाखविला. त्यावर, पाहायचे की गायचे, असा मुद्दा उपस्थित होऊन प्रकरण तहकूब झाले. ऑडियंटच्या 'इव्हो-फोर'ला आपण थोडे गाऊन दाखविले की ते गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यावयाचा ते प्रमाण, स्वतःच ठरविते असे मी सांगितले, तेव्हा ते काहीसे दुखावले. "यंत्रच जर परस्पर निकाल देऊ लागले," ते म्हणाले, "तर शिरस्तेदाराने करावयाचे काय?" बेहरिंगरची स्वस्त डबी मी सुचविली, तर ती इतकी स्वस्त का, याची चौकशी प्रलंबित राहिली. आणि या सर्वांना जोडावयास लागणारा लॅपटॉप? तो त्यांच्याकडे नाहीच. कारण लॅपटॉपाची निवड यंत्रावर अवलंबून असल्याने तो दावा या दाव्याच्या निकालापर्यंत स्थगित आहे.

एकदा, माझी मती कोणत्या ग्रहाने फिरविली होती कोण जाणे, मी त्यांच्याबरोबर पासोड्या विठोबावरून पुढे तपकीर गल्लीत गेलो. त्यांच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत त्यांचा स्वतःचा हेडफोन होता, आणि अमृतांजनाच्या रिकाम्या बाटलीत, कापसात गुंडाळलेला, १५० ओहमचा एक प्रतिरोधक जोडलेला तीन टाचण्यांचा माइकाचा प्लग होता. दुकानातला पोरगा मोठ्या अदबीने म्हणाला, "काका, कुठलं गाणं लावू?" शिरस्तेदार म्हणाले, "काही लावू नकोस. मला काहीच नाही ते ऐकायचे आहे." पोरग्याने माझ्याकडे पाहिले, मी रस्त्यावरच्या वायरींच्या भेंडोळ्यांकडे पाहिले. मग माइकाच्या जागी तो प्लग खोचून, गेनची कळ शेवटापर्यंत फिरवून आणि डोळे मिटून ते वीस मिनिटे काहीच नाही ते ऐकत बसले. गल्लीत हातगाड्या आणि स्कूटरी एकमेकींच्या अंगावर ओरडत होत्या, आणि त्या गदारोळाच्या मध्यभागी हा समाधिस्थ वृद्ध एका डबीच्या पोटातली सूक्ष्म खरखर तपासत होता. शेवटी त्यांनी डोळे उघडले, प्लग पुन्हा कापसात गुंडाळला, आणि पोरगा ज्या आशेने पावतीपुस्तक पुढे ओढत होता त्या आशेकडे न पाहता म्हणाले, "तूर्त तहकूब." पोरग्याला वाटले, हे एखाद्या कंपनीचे नाव आहे. "तो माल आपल्याकडे येत नाही, काका," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला जे समजावून दिले ते, प्रामाणिकपणे सांगतो, मला आवडले. कोणत्याही विद्युद्वाहकातले कण उष्णतेमुळे अखंड थरथरत असतात आणि त्या थरथरीचाच एक ध्वनी होतो. १९२८ साली जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने तो मोजून दाखविला आणि नायक्विस्टने त्याची उपपत्ती सांगितली. १५० ओहमच्या प्रतिरोधकाची ही खरखर साध्या हवामानात उणे १३१ डीबीयूच्या आसपास भरते, आणि तिच्याखाली मानवनिर्मित कोणतेही यंत्र जाऊ शकत नाही, कारण तिथे प्रत्यक्ष सृष्टीच कुजबुजत असते. घरगुती डब्यांपैकी ज्या बऱ्या म्हणविल्या जातात त्या उणे १२७-१२८ पर्यंत पोचतात. म्हणजे त्यांच्यात आणि ब्रह्मांडाच्या मौनात तीन-चार डेसिबलांचेच अंतर उरते. "मग घेऊन टाका ना!" मी म्हणालो. "तीन-चार डेसिबल!" त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती करुणा न्यायालयातले लोक बिनवकिलाच्या पक्षकाराकडे पाहताना राखून ठेवतात. ज्या खोलीत ते ध्वनिमुद्रण करणार आहेत तिच्या छताचा पंखा पहिल्यावर ठेवला तरी कण्हतो, आणि तिच्या खिडकीखाली सकाळी भंगारवाला येतो, हे त्या करुणेपुढे सांगण्याचा मला धीर झाला नाही.

तहकुबीचा हा रोग यंत्रापुरता राहिला असता तर तो छंद म्हणून खपला असता. परंतु मी त्यांच्या शेजारी पंगतीला बसलो आहे. वाढप्याने जिलबीचे ताट पुढे करून "जिलबी, की थांबू, मागून श्रीखंड येतंय?" असे विचारले असता शिरस्तेदारांनी दोहोंचा तौलनिक विचार आरंभिला; वाढपी पुढे गेला, श्रीखंडवाला आला आणि पानात जागा करून ठेवलेली न दिसल्याने तोही पुढे गेला, आणि पंगत उठली तेव्हा शिरस्तेदारांच्या पानाच्या डाव्या बाजूला केवळ मीठ व लिंबाची फोड न्यायप्रविष्ट अवस्थेत पडून होती. गृहसंस्थेच्या जिन्याला कोणता रंग द्यावा यावर त्यांचे मत मागण्याची चूक आमच्या चिटणिसांनी केली. जिना अद्याप सिमेंटचा आहे. वहिनी तर सांगतात की, यांनी त्यांना पाहिल्यानंतर अकरा महिने होकार-नकार काहीच कळविला नव्हता. "मग लग्न झालं कसं?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. वहिनी शेंगा सोलत होत्या; वर न पाहता म्हणाल्या, "मामंजींनी एकतर्फी हुकूमनामा काढला."

डबीतून जाऊन परत येणारा आवाज क्षणभर उशिरा कानी पडतो, त्या विलंबाला 'लेटन्सी' म्हणतात, हे त्या घरी आता मोलकरणीलाही ठाऊक आहे. संगणक नमुन्यांचा जो घास एकेका वेळी घेतो तो ५१२ नमुन्यांचा असला तर सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशोबाने एका घासालाच साडेअकरा सहस्रांश सेकंद जातात, आणि तेवढ्या अवधीत ध्वनी हवेतून चार मीटर चालतो, "म्हणजे गाणारा या भिंतीशी, आणि त्याचा आवाज त्या भिंतीशी!" असे म्हणून शिरस्तेदारांनी एकदा दिवाणखाना पावलांनी मोजून दाखविला होता. घास १२८ नमुन्यांचा केला तर अंतर एका मीटरवर येते. आणि संगणकाची फेरीच टाळून आपला आवाज डबीतूनच थेट कानी यावा अशी सोय बहुतेक डब्यांवर असते, ती असल्याखेरीज पैसे मोजू नयेत असे त्यांचे सर्वांना सांगणे आहे. वहिनींनी हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "यांची लेटन्सी चौदा वर्षांची आहे. ती कुठल्या बटणानं जाते तेवढं सांगा."

मी स्वतः त्यांच्याशी एकदाच गंभीरपणे वाद घातला. ते १९२ किलोहर्ट्झचा आग्रह धरून बसले होते. मनुष्याचा कान तरुणपणी फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने घेतले की काम भागते, म्हणूनच सीडीला ४४,१०० पुरले. आणि सत्तरी ओलांडलेल्या आपल्या कानांना दहा-बारा हजारांच्या वरचे सारे जग तसेही मुके झालेले आहे. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आपण कोणासाठी नोंदवून ठेवणार, वटवाघळांसाठी? मी आणखी पुढे जाऊन म्हणालो की, १९०२ साली कलकत्त्याच्या एका हॉटेलच्या खोलीत गौहर जान एका पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून तीन-तीन मिनिटे गायली. त्या मुद्रणाला वीज लागली नव्हती, माइक नव्हता, की माइकाला ४८ व्होल्ट पुरविणारी फॅंटम पॉवर नव्हती. तरी सव्वाशे वर्षांनंतर आपण तिला ऐकतोच ना?

शिरस्तेदार बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, जिंकलो. मग ते म्हणाले, "प्रोफेसर, कर्णा एकच होता. म्हणून ती गाऊ शकली."

या उत्तराला माझ्यापाशी प्रत्युत्तर नव्हते, आणि त्यामुळे पुढले दोन आठवडे मी त्यांना जिन्यात टाळत होतो.

एवढ्यावर हे चित्र संपवून शिरस्तेदारांना हास्यास्पद अवस्थेत वाचकांच्या हवाली करणे मला सोपे गेले असते, आणि खरे सांगायचे तर रविवारी सकाळी पावणेसातनंतर माझा इरादाही तोच होता. परंतु सत्याला बाध येऊ नये म्हणून एक गोष्ट नाइलाजाने नमूद करावी लागते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला एका शिष्यवृत्तीसाठी आपल्या गायनाचे ध्वनिमुद्रण पाठवावयाचे होते, मुदत संपण्यास चार दिवस उरले होते, आणि तिच्या वडिलांनी, ज्यांना या गृहस्थाची कीर्ती ठाऊक नव्हती असे नव्हे पण ज्यांना दुसरा मार्गच नव्हता, तिला शिरस्तेदारांकडे पाठविले. मी तिथे बसलो होतो. शिरस्तेदारांनी तीन प्रश्न विचारले: एकटी गाणार की तंबोरा वेगळा मुद्रित करणार? खोलीत मागे काय आहे? ही वस्तू पुढे कुठे न्यावी लागेल? आणि मग चार मिनिटांत (मी घड्याळ पाहिले) निकाल दिला. एका माइकाचीच डबी घे, दोन माइकांच्या डबीचे पैसे वाचव. वाचलेल्या पैशांत कंडेन्सर माइक घेऊ नकोस, तो रस्त्यावरचा भंगारवालाही ऐकेल, साधा डायनॅमिक घे आणि त्याच्या वीतभर जवळ बस. मागच्या भिंतीवर आजीच्या दोन गोधड्या टांग. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि फ्रीज पुन्हा सुरू करावयाचे विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेव. चोवीस बिटांवर मुद्रण कर, आणि पातळी अर्ध्याच्या फार वर चढू देऊ नकोस. "हळू आलेला आवाज मागून वाढविता येतो," ते म्हणाले, "फुटलेला सांधता येत नाही." त्या वाक्यापाशी त्यांचा स्वर इतका मऊ होता की मी मिसलीवरून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिले.

मुलगी त्याच संध्याकाळी डबी घेऊन आली. मग मी मनाशी मोजदाद केली: ही मुलगी, फोनलाच जोडून चालणारी डबी घेऊन गावोगाव फिरणारे एक कीर्तनकार, पेटी शिकविणाऱ्या एक बाई, ज्यांना शिरस्तेदारांनी माइक भात्याच्या बाजूला कधीही ठेवू नये असे बजावून सांगितले, गिटार वाजविणारा 'बी' विंगेतला मुलगा, आणि अभिवाचनाच्या खुळापायी मी स्वतः, असे धरून एकंदर अकरा जण त्यांच्या निवाड्यावरून यंत्रे घेऊन गेले, आणि एकानेही पस्तावल्याचे कळविलेले नाही. गिटारवाला तेवढा एकदा घरघर येते म्हणून तक्रार घेऊन आला होता. शिरस्तेदार जिन्यातच थांबून म्हणाले, "लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजव." घरघर गेली. दुसऱ्याच्या दाव्यात या माणसाला तारीख म्हणून माहीत नाही.

ती मिसल मी त्या दिवशी प्रथमच हातात घेऊन चाळली. शिरस्तेदार मुलीला दारापर्यंत सोडावयास गेले होते. वरचे तक्ते ताजे होते. खाली खाली कागद पिवळे होत गेले होते. आणि सर्वांच्या तळाशी, जिथे मिसलीत दाव्याची मूळ अर्जी असावयाची, तिथे टंकलिखित चार ओळींचे एक पत्र होते, सन १९७४ चे, कसल्याशा ध्वनिपरीक्षेच्या निकालाचे. आपण उपस्थित राहिल्याबद्दल आभार मानून, आपला आवाज ध्वनिमुद्रणास अनुरूप नसल्याचे त्यात कळविले होते. पत्राखाली तांबड्या शाईने काहीही लिहिलेले नव्हते. शिरस्तेदार परत आले तेव्हा मिसल माझ्या मांडीवर उघडीच होती. त्यांनी ती घेतली, कागद ठाकठीक केले, फीत बांधली आणि विचारले, "चहा घेणार ना?" शिरस्तेदार गायन शिकले होते, सहा वर्षे शिकले होते, ही गोष्ट मला नंतर वहिनींकडून कळली, चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून गाण्याविषयी मी अक्षर ऐकले नव्हते, सारे यंत्राविषयीच ऐकले होते.

तर गेल्या रविवारी पावणेसात वाजता त्यांना पाहिजे होते ते हे: माझी डबी, माझा कंडेन्सर माइक आणि माझा लॅपटॉप, तीन दिवसांकरिता, फेरतपासणीसाठी. प्रतिरोधकाने डबीची खरखर कळते, परंतु डबी, माइक आणि घर मिळून शांततेची पातळी किती भरते हे कळण्यास प्रत्यक्ष स्थळपाहणी आवश्यक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सौभाग्यवतींनी डोळ्यांनी केलेली खूण न समजल्यासारखे करून मी तिन्ही वस्तू त्यांच्या शबनममध्ये घातल्या.

बुधवारी त्या परत आल्या, वायरी वेटोळी करून रबराने बांधलेल्या, आणि बरोबर पंचनामा: मंगळवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे, मागील खोली, दार-खिडकी बंद, पंखा बंद, फॅंटम चालू, गेन पूर्ण, १९२ किलोहर्ट्झ, चोवीस बिट, खोलीत मनुष्य कोणी नाही, कालावधी बेचाळीस मिनिटे. त्या बेचाळीस मिनिटांच्या शांततेने माझ्या लॅपटॉपची सुमारे दीड गिगाबाइट जागा अडविली होती. ती पुसून टाकण्यापूर्वी, केवळ कर्तव्य म्हणून, मी हेडफोन लावला.

पहिली काही मिनिटे समुद्र दूर असल्यासारखी नुसती खरखर होती. मग घड्याळ ऐकू येऊ लागले. मग एक पारवा. कुठेतरी पाण्याची टाकी भरू लागली. मी लॅपटॉपवर अन्य टपाल वाचीत बसलो. एकतिसाव्या मिनिटाला, दोन दारांपलीकडून, बहुधा गॅलरीतून, कोणी तरी स्वर लावला. गेन पूर्ण नसता तर तो माइकाला कळलाही नसता. प्रथम मला वाटले, शेजारचा रेडिओ. पण रेडिओवर स्वराच्या मध्येच झारीतून पाणी पडत नाही. दोन्ही मध्यम एकमेकांना खेटून आले तेव्हा ललत आहे हे माझ्यासारख्यालाही समजले. आवाज वृद्ध होता, कडांना झिजलेला, घाई नसलेला. तो तार षड्जाकडे गेला आणि पोचला नाही. थांबला. एका कुंडीत पाणी पडले. पुन्हा गेला, पुन्हा पोचला नाही. आणखी एक कुंडी. तिसऱ्या वेळी षड्ज लागला. क्षणभरच, पण असा लागला की मी ऐकता ऐकता हात टेबलावर सपाट ठेवला. मग लांबून वहिनींचा आवाज आला, "चहा झालाय हो!" आणि मग पुन्हा पारवा, घड्याळ, खरखर.

मी ते चार वेळा ऐकले. संध्याकाळी शिरस्तेदार निकाल विचारावयास आले, हातात मिसल आणि खिशाला तांबडे पेन.

"किती भरली?"

"पातळी उत्तम आहे," मी म्हणालो. "शेवटी शेवटी मात्र कसला तरी आवाज आला आहे."

"कसला?"

"कोणी तरी गात आहे."

त्यांनी मिसल या काखेतून त्या काखेत घेतली. जिन्यातला दिवा आपोआप विझला, तो मी पुन्हा लावला.

"खालच्या मजल्यावरचा असेल," ते म्हणाले. "तेवढा भाग पुसून टाका. पुराव्यात ग्राह्य नाही."

"शिरस्तेदार," मी म्हणालो, "तूर्त तहकूब."

ते काही बोलले नाहीत. वळले, चार पायऱ्या उतरले, तिथे थांबले, आणि पाठमोरे असतानाच, शांततेची पातळी मुळीच बिघडणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारले, "फुटला नाही ना कुठे?"